श्रीसंत गाडगेबाबांची अखेरची वाणी

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वलगाव लागते आणि वलगावाशेजारून पेढी नदी वाहते. नदी तशी लहानच. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते आणि पावसाळ्यात ती थोड्या दिवसांकरिता आपले अस्तित्व दाखवून जाते. परंतु या नदीवरील पुलाचे नाव आज महाराष्ट्रात सर्वत्र आदराने घेतले जाते. 20 डिसेंबर 1956 रोजी, मोटारीतून अमरावतीस नेले जात असता, याच पुलाजवळ श्री गाडगेबाबांनी देह ठेवला. ज्या पुरुषाने आयुष्यभर स्वतःकरिता घर बांधले नाही, त्याला अखेरचा श्वासही रस्त्यावरच यावा, यात त्यांच्या चरित्राची एक प्रकारे परिपूर्तीच दिसून येते.

बाबांचे चरित्र आपल्या समाजास नवे नाही. आपल्या घरांतून त्यांची तसबीर आहे, आणि आपल्या मंडळाच्या प्रत्येक मेळाव्याचा आरंभ त्यांच्या प्रतिमापूजनाने होतो. तथापि प्रतिमेकडे पाहता पाहता वाणी विसरली जाण्याचा धोका असतो. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांच्या जीवनाची हकीकत सांगून, त्यांच्या आवाजाचा जो अल्प ठेवा आपल्या हाती राहिला आहे, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुळात झाला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे पूर्ण नाव आणि सखुबाई हे मातोश्रींचे नाव. घरची स्थिती प्रारंभी बरी होती. परंतु देवाधर्माच्या निमित्ताने होणारे मद्यमांसाचे भोजनसमारंभ त्या काळी प्रतिष्ठेचे लक्षण मानले जात, आणि त्या वाटेने आलेल्या व्यसनाने झिंगराजींचा घात केला. 1884 साली ते निवर्तले, तेव्हा डेबूजी अवघे आठ वर्षांचे होते. बापाचा मृत्यू दारूने झाला, ही गोष्ट त्या बालकाच्या मनावर कायमची कोरली गेली.

पुढे सखुबाई आपल्या मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आपल्या माहेरी आल्या. मामांचे नाव चंद्रभानजी. त्यांच्या घरी डेबूजीने गुरे राखली, नांगर धरला, आणि शेतीच्या कामात अशी निपुणता मिळविली की तो पंचक्रोशीत उत्तम शेतकरी म्हणून गणला जाऊ लागला. शाळेचे तोंड मात्र त्याने कधी पाहिले नाही. मामा भोळे होते आणि सावकार हुशार होता. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न आल्यामुळे अंगठा उठत गेला, कर्ज वाढत गेले आणि पिकती जमीन हातची जाण्याची पाळी आली. मामा त्या धक्क्यातून उठले नाहीत. सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून बाजूला झाला नाही, तो उभा राहिला. अक्षरशत्रूच्या घरी लक्ष्मी टिकत नाही, हा धडा त्याला कोणा गुरूने दिला नाही, तो सावकाराच्या वहीने दिला.

1892 साली त्यांचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या कन्येच्या बारशाला ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे मद्यमांसाचे जेवण घालणे प्राप्त होते. डेबूजीने तो रिवाज मोडला आणि पाहुण्यांस लाडवांचे गोड जेवण घातले. ज्ञातीतील वडीलधाऱ्या मंडळींस ते रुचले नाही. आज आपण ज्यांच्या नावाचा जयजयकार करतो, त्यांचे पहिले भांडण आपल्या ज्ञातीशीच झाले होते, हे येथे स्पष्टपणे नमूद करणे अवश्य आहे.

1 फेब्रुवारी 1905 रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांची गोधडी, डोक्यावर फुटक्या मडक्याचे खापर आणि हाती खराटा असा त्यांचा वेष ठरून गेला. त्या खापरातच पाणी प्यावे, त्यातच भाकरी मागून खावी, आणि ऊन लागले म्हणजे तेच डोक्यावर घ्यावे. या गाडग्यामुळेच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात आले म्हणजे दिवसभर ते गावचे रस्ते, गटारे, नदीचा घाट झाडून काढीत आणि रात्री त्याच गावात कीर्तनास उभे राहत. दिवसा गावची आणि रात्री मनाची झाडलोट, असा त्यांचा नित्यक्रम पन्नास वर्षे चालला.

त्यांचे कीर्तन हे शास्त्रीय कीर्तन नव्हते. पूर्वरंग आणि उत्तररंग यांची बांधणी त्यात नसे, आणि संस्कृत श्लोकांचा आधारही नसे. तुकोबांचे अभंग आणि कबिराचे दोहे त्यांना मुखोद्गत होते. भाषा शुद्ध वऱ्हाडी, रोजच्या व्यवहारातली. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडूनच काढून घेत. हजारो माणसे एका तोंडाने उत्तर देत, आणि ते देत असता आपण आपल्याच मूर्खपणाची कबुली देत आहोत, हे त्यांच्या ध्यानी येई. मध्येच देवकीनंदन गोपाळाचा गजर उठे आणि सारा समुदाय टाळ्यांच्या ठेक्यावर डोलू लागे. आज लोकप्रिय संगीताच्या मैफलीस जशी गर्दी लोटते, तशी गर्दी त्या काळी या निरक्षर कीर्तनकारापुढे लोटत असे. तिकीट नव्हते, बिदागी नव्हती.

या कीर्तनांतून जमलेल्या लोकाश्रयावर त्यांनी ठिकठिकाणी संस्था उभ्या केल्या. पूर्णा नदीवरील ऋणमोचन येथील घाट हे त्यांचे आरंभीचे कार्य. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उठल्या, अन्नसत्रे चालली, गोरक्षणे आणि विद्यार्थ्यांकरिता वसतिगृहे निघाली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी 1949 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपयांच्या वास्तू उभारणारा हा पुरुष स्वतः मात्र झाडाखाली निजत असे. 1923 साली त्यांचा पुत्र गोविंदा निधन पावला. ती वार्ता आली तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबविले नाही, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

आता त्यांच्या आवाजाविषयी. हिंदुस्थानात गायनाचे ध्वनिमुद्रण 1902 साली कलकत्त्यास सुरू झाले, म्हणजे बाबांनी घर सोडण्याच्या तीन वर्षे आधी. पुढील अर्धशतकात नाट्यगीते, भावगीते, लावण्या, पोवाडे हे सर्व तबकड्यांवर उमटले. परंतु मिनिटास 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस साधारण तीन ते साडेतीन मिनिटेच मावत. गवई आपले पद तेवढ्यात आटोपते घेऊ शकत असे, पण तासन् तास रंगणारे आणि श्रोत्यांच्या उत्तरांवर उभे असलेले कीर्तन त्या तबकडीत कसे बसावे? शिवाय तबकडीचे मुद्रण बंद खोलीत होई, आणि बाबांचे कीर्तन हे उघड्या मैदानावर, समुदायासमोरच जिवंत होई. समुदाय वगळला तर त्यातला अर्धा प्राणच निघून जाणार. या कारणांचा विचार केला म्हणजे, ज्या आवाजाने महाराष्ट्राची खेडीच्या खेडी हलविली, तो आवाज तबकड्यांच्या बाजारास का पेलला नाही, याचा उलगडा होतो.

चुंबकीय फितीचे यंत्र आले तेव्हा ही अडचण दूर झाली. सेकंदास साडेसात इंच या वेगाने चालणारी 1200 फुटांची फीत बत्तीस मिनिटे पुरे, आणि वेग निम्मा केला म्हणजे ती तासाहून अधिक चाले. यंत्र उचलून सभेच्या ठिकाणी नेता येई. अशा सोयीचा काळ येईपर्यंत बाबा ऐंशीच्या घरात पोचले होते. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांचे कीर्तन झाले. तेच त्यांचे अखेरचे कीर्तन म्हणून प्रसिद्ध आहे, आणि सुदैवाने त्याचे ध्वनिमुद्रण झाले. त्यानंतर अवघ्या बेचाळीस दिवसांनी वलगावच्या पुलाजवळ तो कंठ कायमचा थांबला. पन्नास वर्षांच्या कीर्तनांपैकी जे लोकांच्या कानी आज प्रामुख्याने पडते ते हे एकच. तो तरुण गाडगेबाबांचा आवाज नव्हे. तो थकलेला, प्रकृती खालावलेला, परंतु श्रोत्यांवरील पकड यत्किंचितही न सुटलेला असा वृद्धाचा आवाज आहे.

आणि तो काय सांगतो? दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुक्या जनावराचा जीव घेऊ नका, अडाणी समजुतींच्या मागे लागू नका, आणि काहीही करून मुलांस शाळेत घाला, हाच त्याचा आशय आहे. मुलांच्या शिक्षणाकरिता घरातील भांडे मोडावे लागले तरी मोडा, लुगडे हलके घ्यावे लागले तरी घ्या, असा त्यांचा आग्रह आहे. विद्येच्या बळावर माणूस कोठवर पोचतो याचे उदाहरण म्हणून ते डॉ. आंबेडकरांकडे बोट दाखवितात. वांद्र्याच्या कीर्तनात जे ऐकू येते, ते दापुऱ्याच्या शेतात शिकलेलेच होय. बापाची दारू आणि मामाचा अंगठा ही दोन दुःखे त्या वाणीच्या तळाशी आहेत. आठव्या वर्षी लागलेली जखम ऐंशीव्या वर्षी समाजाकरिता औषध होऊन बाहेर आली. त्या कीर्तनानंतर महिनाही लोटला नाही तोच, 6 डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले, आणि त्यामागोमाग चौदा दिवसांनी बाबाही गेले. अमरावतीस आज त्यांची समाधी आहे.

फितीवरील वाणी अमर असते, अशी अनेकांची समजूत आहे. ती बरोबर नाही. फीत कालांतराने ठिसूळ होते, तिच्यावरील लेप झडतो. एका प्रतीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी काढीत गेले म्हणजे प्रत्येक वेळी खरखर वाढते आणि शब्द पुसट होतात. वेग किंचित चुकला तर वृद्धाचा भारदस्त स्वर पोरकट ऐकू येतो, किंवा अकारण जड होतो. याहून मोठा धोका सुधारणेच्या हौसेचा आहे. आजच्या यंत्रांनी कोणासही एखादे मुद्रण हवे तेथे कापता येते, त्याखाली वाद्यांचा मेळ घालता येतो आणि ठेका धरून नवे गाणे बनविता येते. यास रिमिक्स म्हणतात. सिनेगीतांस ते शोभत असेल. परंतु बाबांच्या कीर्तनात मधली शांतताही बोलते. प्रश्न विचारून ते थांबतात, लोक क्षणभर चाचरतात आणि मग उत्तर येते. ती शांतता कापली किंवा वाद्यांनी भरून काढली, तर प्रश्न उरतो, परंतु उत्तर देणारा समाज नाहीसा होतो.

त्यांच्या ढंगाने कीर्तन करणारे पुष्कळ झाले. 1977 साली श्री. राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी बाबांची भूमिका केली. या सर्वांनी बाबांस नव्या पिढीपर्यंत नेले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु नटाची वाणी कोणती आणि प्रत्यक्ष बाबांची कोणती, हा भेद जतन करणे हे आपले कर्तव्य आहे. मूळ ते मूळ म्हणून आणि नक्कल ती नक्कल म्हणून ओळखली गेली, तर दोहोंचाही मान राहतो.

येथे एक कटू गोष्ट बोलणे भाग आहे. परीट-वरठी समाजास बाबांविषयी वाटणारा अभिमान स्वाभाविक आहे. घाटावर लोकांचे कपडे धुणाऱ्या, भट्टी लावणाऱ्या कष्टाळू घरांतून असा पुरुष निपजला, ही गोष्ट आपल्या मुलांस सांगण्याजोगी आहेच. परंतु बाबांनी स्वतः कधी जातीचा टिळा लाविला नाही. त्यांनी शिष्य केले नाहीत, मठ स्थापिला नाही, आणि आपले पाय कोणास धरू दिले नाहीत. त्यांच्या नावाने ज्ञातीचा मेळावा भरवावा आणि त्याच हंगामात कर्ज काढून लग्नाच्या पंगती उठवाव्या, ही विसंगती त्यांच्या खराट्यातून सुटली नसती. बारशाच्या पंगतीत आपल्याच सोयऱ्यांचा रोष पत्करणारा तो तरुण आज आपल्या मंडपात आला, तर आपण त्याला पहिल्या रांगेत बसवू की दारातूनच परतवू, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी निवाडा करावा.

याकरिता दोन नम्र सूचना करतो. पहिली ही की, बाबांची कीर्तने ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली ते वृद्ध आता फार थोडे उरले आहेत. गावोगावी त्यांच्याजवळ बसून त्यांच्या आठवणी यंत्रावर उतरवून घ्याव्यात, आणि कोणाच्या घरी जुनी फीत वा कॅसेट पडून असेल तर ती न कापता, न सजविता, जशी आहे तशी जाणत्या माणसाकडून जतन करून घ्यावी. दुसरी ही की, प्रतिवर्षी 20 डिसेंबरला हारतुऱ्यांवर होणाऱ्या खर्चातून काही भाग बाजूस काढून, शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या एका तरी मुलाची वा मुलीची फी भरावी. पहिल्या कामाने बाबांचा आवाज टिकेल आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ टिकेल.

पेढीच्या पुलावरून आज रात्रंदिवस वाहने धावतात. त्यांतील एखादा प्रवासी क्षणभर थांबून हात जोडतो आणि पुढे जातो. हात जोडणे हे चांगलेच. पण बाबांनी हात जोडून घेण्याकरिता देह झिजविला नाही. आपल्या मुलाच्या हाती पाटी आणि आपल्या हाती खराटा दिसला, तरच या पुलापाशी थांबलेली ती वाणी पुढे चालू लागली असे म्हणता येईल. ती सुबुद्धी आपणां सर्वांस लाभो, एवढीच प्रार्थना करून ही अल्पशी शब्दसेवा बाबांच्या चरणी रुजू करतो.