समरकंदच्या सुलतानाचा वर्ग

आज रमजानचा दहावा रोजा. चंद्रकोर शोधायला मोठ्यांच्या आधी मुलं गच्चीवर धावली होती, त्याला आता दहा दिवस होत आले. शेजारच्या घरातली मुलं संकष्टीला चंद्रोदयाची वेळ विचारत आजीच्या मागे लागतात, तशीच ही. आकाशाकडे बघून दिवस मोजायची सवय आपणा सगळ्यांचीच आहे. म्हणून आज एका अशा माणसाची आठवण, जो गादीवर होता सुलतान म्हणून, पण जगाच्या लक्षात राहिला तो आकाश मोजणारा आणि मुलांना शिकवणारा म्हणून. हिजरी सन ८५३ च्या रमजानच्या दहाव्या तारखेला, म्हणजे २७ ऑक्टोबर १४४९ रोजी, त्याची हत्या झाली. त्याचं नाव मिर्झा मोहम्मद तरागाई. इतिहास त्याला उलुग बेग म्हणजे थोर सरदार या नावाने ओळखतो.

जन्म २२ मार्च १३९४ चा, इराणमधल्या सुलतानिया गावचा. आजोबा तैमूर. ज्याचं नाव काढलं की दिल्लीची कत्तल आठवते, तोच तैमूर. नातवाचं लहानपण आजोबांच्या स्वाऱ्यांबरोबर तंबूतंबूतून गेलं. त्याला वाढवलं तैमूरची पट्टराणी सराय मुल्क खानम हिने. १४०५ मध्ये तैमूर गेला. घरातली भांडणं मिटवून उलुग बेगचे वडील शाहरुख यांनी हेरातला गादी मांडली आणि १४०९ मध्ये समरकंदचा कारभार मुलाकडे सोपवला. त्या वेळी मुलगा होता जेमतेम पंधरा वर्षांचा.

आजोबांनी तलवारीने कमावलेलं शहर नातवाला मिळालं. त्याने तिथे आधी शाळा बांधली. १४१७ मध्ये समरकंदच्या रेगिस्तान चौकात मदरशाचं काम सुरू झालं आणि १४२० मध्ये ते पुरं झालं. बुखाऱ्यालाही त्याने एक मदरसा बांधला. मदरसा म्हटलं की आज अनेकांच्या डोळ्यांपुढे फक्त धार्मिक शिक्षण येतं. या मदरशात धर्मशास्त्राच्या जोडीला गणित आणि खगोलशास्त्रही शिकवलं जाई, आणि त्यासाठी दूरदूरचे विद्वान बोलावलेले होते. बुर्सा शहरचे काझीजादा रूमी तिथले मुख्य शिक्षक. काशानहून गियासुद्दीन जमशेद काशी आले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर, ज्याला आपण शाळेत पाय म्हणतो, ते १६ दशांश स्थळांपर्यंत अचूक काढणारे हेच ते काशी.

या काशींचे वडील काशानला होते. परगावी गेलेला मुलगा काय करतो, कुणात वावरतो, ही काळजी तेव्हाच्या बापालाही होतीच. मुलाने वडिलांना लिहिलेली पत्रं सुदैवाने आजवर टिकली आहेत. आज वसतिगृहातला मुलगा घरी फोन करून वर्गात काय झालं ते सांगतो, तशी ही पत्रं आहेत. त्यांतून कळतं की सुलतान स्वतः वर्गात येऊन बसे आणि चर्चेत भाग घेई. विद्यार्थ्यांनी त्याच्याशी वाद घालावा, ही त्याची अपेक्षा असे. कुणी केवळ अदब म्हणून त्याचं म्हणणं मान्य केलं, तर ते त्याला खपत नसे. समजल्याशिवाय मान डोलावू नये, हा त्या वर्गाचा नियम होता. कधी कधी तर तो मुद्दाम हार मानल्यासारखं करी आणि समोरचा खरोखर समजून बोलतो आहे का, ते ताडून पाही.

पत्रातली आणखी एक हकीकत आजच्या दिवसाला साजेशी आहे. हिजरी वर्ष चंद्राचं. ते साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी आखूड. म्हणूनच रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. एकदा सुलतानाला एक जुनी तारीख सौर वर्षाच्या नेमक्या कोणत्या दिवशी आली, ते हवं होतं. माहिती अर्धवट होती. हिजरी ८१८ चा रजब महिना, दहा ते पंधरा तारखांमधला सोमवार, एवढीच. घोड्यावरून जाता जाता त्याने मनातल्या मनात सूर्याची त्या दिवशीची जागा काढली आणि खाली उतरल्यावर उत्तर तपासायला काशींना सांगितलं. सुलतानाचं उत्तर प्रजेने तपासायचं, ही गोष्ट हिशोबाइतकीच मोलाची.

दुसरी गोष्ट काझीजादांची. सुलतानाने एकदा मदरशातल्या एका शिक्षकाला काढून टाकलं. काझीजादा शिकवायला यायचे बंद झाले. ते आजारी असतील असं वाटून सुलतान स्वतः त्यांच्या घरी गेला. पाहतो तो काझीजादा ठणठणीत. त्यांनी शांतपणे सांगितलं की शिक्षकाची जागा राज्यकर्त्यांच्या हाताबाहेरची असते, असं समजून आपण ती पत्करली होती. तसं नसेल तर आपलीही सुट्टी. सुलतानाने माफी मागितली, काढलेल्या शिक्षकाला परत बोलावलं आणि पुन्हा लुडबुड करणार नाही, असा शब्द दिला. सहाशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आम्हा शिक्षकांना आजही मान ताठ ठेवायला शिकवते.

मदरशातल्या गणिताला प्रयोगशाळा हवी होती. शहराबाहेरच्या टेकडीवर तीन मजली वेधशाळा उभी राहिली. तिच्या मधोमध उत्तर-दक्षिण दिशेने बांधलेली एक प्रचंड कमान होती. तिची त्रिज्या सुमारे ४० मीटर, आणि खालचा भाग खडकात खोदलेला. एवढी मोठी कशाला? आपल्या मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक काढून पाहा. त्यावर एक अंश म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर. समरकंदच्या कमानीवर तोच एक अंश जवळजवळ ७० सेंटिमीटरचा होता. अंशाचा साठावा भागसुद्धा सेंटिमीटरभर रुंद. त्यामुळे बारीकसा फरकही नजरेतून सुटत नसे.

भर दुपारी वरच्या छिद्रातून येणारा सूर्यकिरण त्या कमानीवर पडे. तो कोणत्या खुणेवर पडला, ते रोज लिहून ठेवायचं. सूर्य सर्वात उंच चढतो तो दिवस आणि सर्वात खाली राहतो तो दिवस, यांतला फरक निम्मा केला की पृथ्वीच्या आसाचा कल मिळतो. समरकंदकरांनी तो २३ अंश ३० मिनिटे १७ सेकंद काढला. त्या काळच्या खऱ्या आकड्यापेक्षा चूक अंशाच्या शंभराव्या भागाइतकीही नाही. नाक्षत्र वर्ष त्यांनी ३६५ दिवस ६ तास १० मिनिटे ८ सेकंद मोजलं. आजच्या मापाशी फरक एका मिनिटाहून कमी. दुर्बीण तर अजून दीडशे वर्षं लांब होती. या सगळ्या कामातून १४३७ साली १०१८ ताऱ्यांची सूची तयार झाली. ती ज्या ग्रंथात आहे तो झीज-ए-सुलतानी.

या कामातला सर्वात लाडका विद्यार्थी अली कुशजी. कुशजी म्हणजे ससाणे सांभाळणारा. सुलतानाच्या ससाणेवाल्याचा हा मुलगा. शिकण्याच्या ओढीने तो एकदा न विचारता किरमानला निघून गेला. परत आला तेव्हा सुलतान रागावलेला होता. भेट म्हणून काय आणलंस, असं विचारल्यावर त्याने चंद्राच्या कलांवर लिहिलेला आपला निबंध पुढे ठेवला. सुलतानाचा राग मावळला. काशी आणि काझीजादा यांच्या निधनानंतर ताऱ्यांचं काम तडीस नेलं ते याच ससाणेवाल्याच्या मुलाने.

वर्गात जिंकणारा हा माणूस रणांगणावर मात्र कच्चा होता. १४२७ मध्ये सिग्नाकजवळ त्याचा असा पराभव झाला की वडिलांचाही रोष ओढवला. १४४७ मध्ये शाहरुख वारले आणि सगळं राज्य अंगावर आलं. हेरातवर चाल, पाठीमागे बंडाळी. त्यातच थोरला मुलगा अब्दुल लतीफ बापावर उलटला. धाकट्या भावाला झुकतं माप मिळतं, हा सल त्याच्या मनात होता. इतरांच्या मुलांचे प्रश्न ऐकून घेणाऱ्या बापाला स्वतःच्या मुलाची नाराजी वेळेवर ऐकू आली नाही. समरकंदबाहेर मुलाने बापाचा पराभव केला. गादी सोडून हजला जायची परवानगी उलुग बेगने मागितली. ती मिळाली. पण शहरापासून फार दूर जायच्या आतच, रमजानच्या महिन्यात, त्याचं शिर धडावेगळं करण्यात आलं. १९४१ मध्ये शास्त्रज्ञांनी गूर-ए-अमीर मधली त्याची कबर उघडली, तेव्हा मानेच्या हाडावर वार स्पष्ट दिसला. बापाला मारून मिळवलेली गादी मुलालाही लाभली नाही. सहा-सात महिन्यांत त्याचाही खून झाला.

वेधशाळेला वाली उरला नाही. पुढे ती इतकी नाहीशी झाली की १९०८ मध्ये व्यात्किन या संशोधकाला एका जुन्या वक्फच्या कागदावरून तिची जागा शोधावी लागली. जमिनीखालची कमान तेवढी शाबूत होती. पण ताऱ्यांचे आकडे विद्यार्थ्यांबरोबर बाहेर पडले होते. अली कुशजी इस्तंबूलला पोचला आणि तिथे आयासोफियाच्या मदरशात शिकवू लागला. १६६५ मध्ये ही तारासूची ऑक्सफर्डला लॅटिनमध्ये छापली गेली. आपल्याकडे सवाई जयसिंगाने दिल्ली, जयपूर, उज्जैनला जंतरमंतर उभारले ते समरकंदच्या धर्तीवर, दगडचुन्याच्या मोठमोठ्या यंत्रांचे. त्याच्या ग्रंथातली ताऱ्यांची सूचीही उलुग बेगचीच, मधल्या तीन शतकांचा फरक मिळवून घेतलेली. समरकंदच्या मुसलमान सुलतानाचे आकडे जयपूरच्या हिंदू राजाने घेतले आणि ग्रंथाला नाव दिलं दिल्लीच्या मोहम्मद शाहचं. ताऱ्यांना कुणी जात विचारली नाही.

समरकंदची कमान आपल्या शाळेत आणता येणार नाही. पण मैदानात एक सरळ काठी रोवता येते. तिची दिवसातली सर्वात आखूड सावली उत्तर-दक्षिण दिशा दाखवते. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे वर्षातून दोनदा भर दुपारी ती सावली पूर्ण नाहीशी होते. समरकंदच्या सुलतानाला हे दृश्य आपल्या शहरात कधीच दिसलं नसतं. शाळा जेव्हा असा शून्य सावलीचा कार्यक्रम ठेवते, तेव्हा आईबापांनीही अर्धा तास काढून जावं. मूल प्रश्न विचारेल. उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणावं आणि दोघांनी मिळून शोधावं. सुलतानाला त्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा?

आज संध्याकाळी इफ्तारनंतर दहाव्या रात्रीचा चंद्र आकाशात चांगला वर आलेला असेल. त्याच्या एका कडेला उलुग बेगच्या नावाचं विवर आहे. मुलांना बाहेर अंगणात घेऊन जा. आधी चंद्र दाखवा, मग ही गोष्ट सांगा.