विश्लेषण : ग्रीकचा तास वेगळा, मननाचा तास वेगळा… हिटलरच्या जर्मनीत बॉनहोफर यांनी पाळक कसे घडवले?

बायबल शिकवणाऱ्या कुठल्याही संस्थेत एक अडचण हमखास येते. विद्यार्थी हिब्रू आणि ग्रीक शिकतो, कोणते पुस्तक कोणत्या काळात लिहिले गेले याचे वाद अभ्यासतो, परीक्षेत चांगले गुण मिळवतो. पण या धावपळीत त्याची स्वतःची प्रार्थना कधी थांबली, हे त्याच्याही लक्षात येत नाही. उलट टोकही तितकेच धोक्याचे. नुसता भक्तिभाव जपायचा ठरवला, की अभ्यास नकोसा होतो आणि धर्मग्रंथातून हवा तो अर्थ काढणाऱ्याला अडवणारे कोणी उरत नाही. जर्मनीत १९३३ साली हा दुसरा धोका प्रत्यक्षात उतरला होता. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या क्रीडागृहात सुमारे २० हजार लोकांसमोर, जुना करार ‘ज्यूंचा’ म्हणून टाकून द्यावा, अशी मागणी चर्चमधल्याच नाझी समर्थक गटाने केली. अशा काळात भावी पाळकांना काय शिकवायचे आणि कसे, या प्रश्नाला डिट्रिश बॉनहोफर यांनी दिलेले उत्तर आजही जगभरच्या सेमिनरींमध्ये अभ्यासले जाते.

बॉनहोफर कोण होते?

जन्म ४ फेब्रुवारी १९०६, ब्रेस्लाउ शहरात (आज हे शहर पोलंडमध्ये आहे). वडील कार्ल हे नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. घरात संगीत, पुस्तके, विज्ञान. चर्चला नियमाने जाण्याची पद्धत मात्र फारशी नव्हती. धर्मशास्त्र शिकायचे, हा डिट्रिश यांचा निर्णय घरच्यांना काहीसा विचित्रच वाटला होता. त्यांनी वयाच्या २१व्या वर्षी डॉक्टरेट मिळवली आणि १९३१ मध्ये ते बर्लिन विद्यापीठात शिकवू लागले. थोडक्यात, अभ्यासाच्या बाजूने पाहिले तर या माणसाला कमी काही नव्हते.

पुढे एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या वर्षांचा हिशेब स्वतःच मांडला. आपण महत्त्वाकांक्षेपोटी कामात उडी घेतली, कितीतरी उपदेश केले, चर्चवर लिहिले आणि बोललो. पण बायबलपर्यंत खऱ्या अर्थाने पोचलोच नव्हतो, असा त्याचा मथितार्थ होता. हा बदल नेमका कधी झाला, याची तारीख सांगता येत नाही. १९३०-३१ मध्ये ते न्यूयॉर्कला होते. तिथे हार्लेममधल्या कृष्णवर्णीयांच्या ॲबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चमध्ये त्यांनी रविवारचे वर्ग घेतले आणि तिथल्या भजनांच्या तबकड्या ते सोबत घेऊन आले. फ्रान्सच्या जाँ लासेर या मित्रामुळे येशूच्या डोंगरावरील प्रवचनाकडे, म्हणजे शत्रूवर प्रीती करा या शिकवणीकडे, त्यांनी नव्याने पाहिले.

गांधीजींशी काय संबंध?

हिटलर १९३३ मध्ये सत्तेवर आला. ज्यू वंशाच्या लोकांना चर्चच्या पदांवरून दूर करण्याचा नियम आला, तेव्हा विरोध करणाऱ्या पाळकांमध्ये बॉनहोफर पुढे होते. या विरोधातूनच १९३४ मध्ये ‘कन्फेसिंग चर्च’ उभे राहिले. त्या सुमारास बॉनहोफर लंडनमधल्या जर्मन मंडळीचे पाळक होते. विद्यापीठातले पाळक-प्रशिक्षण आता पुरेसे नाही, एकत्र राहून शिकले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. पण एकत्र राहायचे म्हणजे नेमके कसे, हे जर्मन प्रोटेस्टंट परंपरेत त्यांना सापडत नव्हते.

म्हणून त्यांना गांधीजींच्या आश्रमात काही महिने राहायचे होते. चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी त्यांच्यासाठी गांधीजींना पत्र लिहिले. १ नोव्हेंबर १९३४ रोजी गांधीजींनी उत्तर लिहिले. त्या काळात वर्धा हे गांधीजींच्या कामाचे केंद्र बनले होते. उत्तर अगदी व्यवहारी आहे : परतीच्या प्रवासाचे पैसे असतील आणि येथे माणशी महिना शंभर रुपये खर्च करता येत असेल, तर केव्हाही या, मी तुरुंगात किंवा प्रवासात नसेन, तर माझ्यासोबतच राहाल, जेवण शाकाहारी असेल. बॉनहोफर मात्र येऊ शकले नाहीत. कन्फेसिंग चर्चने नवी सेमिनरी चालवायला त्यांना परत बोलावले. भारताऐवजी त्यांनी इंग्लंडमधले मठ आणि धर्मशिक्षणाची केंद्रे पाहून घेतली. दिवसाचे तास प्रार्थनेभोवती कसे बांधतात, हे त्यांना तिथे बघायला मिळाले.

फिंकेनवाल्डमध्ये दिवस कसा जायचा?

२६ एप्रिल १९३५ रोजी बाल्टिक समुद्रकिनाऱ्यावरच्या त्सिंग्स्ट येथे काम सुरू झाले. दोन महिन्यांनी सेमिनरी स्टेटिन शहराजवळच्या फिंकेनवाल्ड येथे हलवण्यात आली. विद्यार्थी विशी-पंचविशीतले, विद्यापीठाची परीक्षा उत्तीर्ण झालेले. पहिल्या तुकडीत २३ जण होते. घर रिकामे होते, सामान ठिकठिकाणच्या मंडळींनी पाठवले. पहिल्याच दिवसांतली गोष्ट : स्वयंपाकघरातून मदतीसाठी निरोप आला, पण कोणी उठेना. बॉनहोफर काही न बोलता टेबलावरून उठले, आत गेले आणि दार लावून काम करू लागले. मागून धावत आलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दार उघडले नाही. या प्रसंगावर त्यांनी नंतर प्रवचन दिले नाही, हे विशेष.

दिवसाची सुरुवात आणि शेवट एकत्र उपासनेने होई. स्तोत्रसंहितेतली स्तोत्रे, जुन्या करारातला उतारा, नव्या करारातला उतारा, गीत, प्रार्थना. न्याहारीनंतर अर्धा तास शांत मनन. त्यानंतर वर्ग : उपदेश कसा तयार करायचा, मंडळीत शिकवायचे कसे, नव्या कराराचा अभ्यास आणि येशूच्या मागे चालणे म्हणजे काय यावरची व्याख्याने. दुपारी खेळ, जंगलात किंवा समुद्रावर फेरफटका. संध्याकाळी पियानोवर बहुधा खुद्द बॉनहोफरच.

सगळ्यात जास्त कुरकुर त्या अर्ध्या तासावरून झाली. नियम साधा होता. एकच छोटा उतारा आठवडाभर घ्यायचा. मार्टिन लूथरचे जर्मन भाषांतर समोर ठेवायचे. ग्रीक मूळ पाठ नाही, शब्दकोश नाही, भाष्यग्रंथ नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे, यातून रविवारच्या उपदेशाला काय मिळेल, हा विचार करायचा नाही. हा उतारा आज मला काय सांगतो, एवढेच पाहायचे.

शिकलेल्या तरुणांना हे जड गेले. कोणाला झोप येई, कोणाचे मन भरकटे, कोणी त्या वेळात पाइप ओढत बसे. बॉनहोफर काही दिवस बाहेर गेले, तेव्हा नियम ढिला पडला. परतल्यावर त्यांनी नाराजी ऐकून घेतली, पण अर्धा तास रद्द केला नाही. सगळ्यांनी मिळून मनन करायचे आणि सुचलेले मोकळेपणाने बोलायचे, अशी एक वेळ मात्र त्यात जोडली.

आपल्याकडे ज्ञानेश्वरीवर प्रबंध लिहिणारा अभ्यासक आणि रोज नेमाने पारायणाला बसणारा वारकरी, ही दोन माणसे सहसा वेगळी असतात. बॉनहोफर यांना ती एकाच माणसात हवी होती. पण दोन्ही कामे एकाच तासात नको होती. इंजिनीअरिंगची पुस्तके केवळ परीक्षेत काय येईल या नजरेने वाचणाऱ्यांना हा मुद्दा लगेच कळेल : वाचन कशासाठी, हे आधीच ठरले की त्यापलीकडचे काही दिसत नाही. पाळकाची परीक्षा दर रविवारी असते, त्यामुळे त्याला हा धोका जास्त.

अभ्यास मग कमी झाला का?

नाही, आणि इथेच गैरसमज होतो. ‘नाखफोल्ग’ हे बॉनहोफर यांचे गाजलेले पुस्तक याच वर्गांतल्या व्याख्यानांतून तयार होऊन १९३७ मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगरावरील प्रवचनाचा बारकाईने केलेला अभ्यास हा त्याचा गाभा आहे. वर्गात उताऱ्याची चिरफाड होई, मतभेद होत. उपासनेत दिल्या गेलेल्या उपदेशावर मात्र लगेच टीका करायची नाही, तो आधी ऐकायचा, असा दंडक होता.

आणखी एक नियम नुसता वाचायला सोपा आहे : गैरहजर सोबत्याबद्दल बोलायचे नाही आणि बोलणे झालेच तर नंतर त्याला सांगायचे. प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांजवळ चुकांची कबुली देण्याची सूचनाही होती. सक्ती नव्हती. पण संचालक असलेल्या बॉनहोफर यांनी आपली कबुली एका विद्यार्थ्याजवळच दिली, तेव्हा बाकीचे चपापले.

टीका कोणी केली?

थेट कार्ल बार्थ यांनी. कन्फेसिंग चर्चचे सर्वांत वजनदार धर्मशास्त्रज्ञ आणि बॉनहोफर यांना गुरुस्थानी असलेले बार्थ १९३६ मध्ये त्यांना लिहितात, तेव्हा या साऱ्यातून मठाचा वास येतो, अशी शंका व्यक्त करतात. शंका अगदीच चुकीची म्हणता येत नाही. नियम, वेळापत्रक, मौन यांतून भक्तीचाच एक नवा अभ्यासक्रम बनू शकतो आणि कोण किती नेमाने मनन करतो, याची स्पर्धा लागू शकते.

बॉनहोफर यांची बाजू त्याआधीच्या पत्रात आहे. येणारे तरुण आतून रिकामे होऊन येतात. प्रार्थना कशी करायची, बायबल कसे वाचायचे हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. त्यात मदत करता येत नसेल, तर आपला काही उपयोग नाही. हे नियमांचे ओझे ठरेल, हा आक्षेप त्यांना पटत नव्हता. गंभीर अभ्यासाला यात जागा नाही, हेही त्यांना मान्य नव्हते.

नाझी राजवटीने काय केले?

डिसेंबर १९३५ च्या आदेशाने अशा सेमिनरी बेकायदा ठरल्या. म्हणजे येथे शिकलेल्याला सरकारमान्य चर्चमध्ये नोकरी नाही, पगाराची खात्री नाही, उलट अटकेची शक्यता. ऑगस्ट १९३६ मध्ये बॉनहोफर यांचा विद्यापीठात शिकवण्याचा परवाना काढून घेण्यात आला. वर्षभराने हिमलरचा बंदी आदेश आला आणि सप्टेंबर १९३७ च्या अखेरीस गेस्टापोने फिंकेनवाल्डच्या घराला सील ठोकले. त्याच वर्षाच्या शेवटापर्यंत तिथले २७ माजी विद्यार्थी अटकेत गेले होते.

शिक्षण तरीही थांबले नाही. पोमेरेनियातल्या खेड्यांत, पाळकांच्या घरांत छोट्या तुकड्या मार्च १९४० पर्यंत गुपचूप चालल्या. विखुरलेल्या विद्यार्थ्यांना बॉनहोफर परिपत्रके पाठवत. त्यात कोण कुठे आहे, कोण तुरुंगात आहे याच्या बातम्या असत आणि त्यासोबत पुढच्या आठवड्यांचे मननाचे उतारेही. फिंकेनवाल्डच्या अनुभवावरचे ‘एकत्र जीवन’ हे छोटे पुस्तक त्यांनी १९३८ च्या शरद ऋतूत चार आठवड्यांत लिहिले, तेही ज्यू वंशाच्या पतीसह नुकतीच देश सोडून गेलेल्या जुळ्या बहिणीच्या रिकाम्या घरात बसून.

या शिक्षणाने सगळे विद्यार्थी वीर झाले, असे म्हणणे खोटे ठरेल. काहींनी पुढे सरकारमान्य चर्चशी जुळवून घेतले, बहुतेक जण सैन्यात भरती झाले आणि कितीतरी जण आघाडीवर मारले गेले. ज्यूंच्या छळाबद्दल कन्फेसिंग चर्च एकूणात गप्पच राहिले. बॉनहोफर यांच्या मननाच्या बायबलमध्ये मात्र ७४व्या स्तोत्राच्या आठव्या ओवीशेजारी पेन्सिलीने एक तारीख लिहिलेली आहे : ९.११.३८. देशभर ज्यूंची प्रार्थनागृहे जाळली गेली ती ही रात्र. ती ओवी देवाची स्थाने जाळणाऱ्यांबद्दल आहे.

शेवटचा वर्ग

जून १९३९ मध्ये बॉनहोफर यांना अमेरिकेत सुरक्षित जागा मिळाली होती. महिन्याभरात ते परतले. पुढे ते हिटलरविरोधी कटात सामील झाले आणि ५ एप्रिल १९४३ रोजी त्यांना अटक झाली. दोन वर्षांनी, ८ एप्रिल १९४५ च्या रविवारी, श्योनबर्ग गावातल्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांनी त्यांना उपासना घ्यायला सांगितले. त्यांनी आधी नकार दिला. कैद्यांत कॅथलिक होते आणि कोकोरिन नावाचा नास्तिक सोव्हिएत अधिकारीही होता. त्यांच्यावर लादल्यासारखे व्हायला नको, असे त्यांना वाटत होते. कोकोरिनने स्वतः होकार दिला, तेव्हा ते उभे राहिले. त्या दिवसासाठी नेमलेले यशया आणि पेत्राच्या पत्रातले उतारे त्यांनी वाचले, त्यांवर थोडे बोलले आणि प्रार्थना केली. ती संपते न संपते तोच त्यांना न्यायला दोन माणसे आली. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्यांना फाशी देण्यात आली. वय ३९ वर्षे.