नेपोलियन बोनापार्ट

भित्तीपत्रकासाठी गुरुजींनी एका मोठ्या माणसाचे चरित्र लिहायला सांगितले. शिवाजी महाराज तर चौथीच्या पुस्तकात आहेतच, म्हणून मी नेपोलियन घेतला. तो दूरच्या फ्रान्स देशाचा बादशहा होता. पण त्याची एक गोष्ट आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत येते. ती मी पुढं सांगतो.

नेपोलियनचा जन्म १५ ऑगस्ट १७६९ रोजी कॉर्सिका नावाच्या बेटावर झाला. म्हणजे आपल्या झेंडावंदनाच्या तारखेला! वडिलांचे नाव कार्लो व आईचे नाव लेतिझिया. वडील वकील होते. नऊ वर्षांचा असताना त्याला घरापासून लांब ब्रिएन गावच्या लष्करी शाळेत घातलं. घरी ते वेगळी बोली बोलत, त्यामुळे त्याला फ्रेंच नीट येत नव्हतं. शाळेतली पोरं त्याला चिडवायची. आपल्या शाळेतही तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी बोलतात. आधी आम्ही हसायचो, आता नाही हसत. नेपोलियन गणितात मात्र फार हुशार होता. पुढे तो तोफखान्यात अधिकारी झाला.

१७८९ साली फ्रान्सच्या लोकांनी राजाविरुद्ध क्रांती केली. नंतर खूप लढाया झाल्या. त्या जिंकत जिंकत नेपोलियन वर चढला आणि २ डिसेंबर १८०४ रोजी त्यानं आपल्याच हातानं डोक्यावर मुकुट ठेवला.

त्याचा कारभार कडक होता. प्रत्येक जिल्ह्याला त्यानं आपल्या कलेक्टरसारखा एक प्रीफेक्ट नेमला. गावचा सरपंचसुद्धा गाव निवडत नव्हतं, तो वरून नेमला जाई. १८०४ साली त्यानं सगळ्या देशाला एकच कायदा केला. त्यात बापाच्या जमिनीत मुलगा आणि मुलगी दोघांना सारखा वाटा होता. हे आईला वाचून दाखवलं तर तिला फार आवडलं. पण त्याच कायद्यात बायकोनं नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे असंही होतं. ते ऐकून आई काही बोलली नाही, भाकरी थापत राहिली. १८०६ साली त्यानं मिठावर पुन्हा कर बसवला, तोही गरिबांना जड गेला.

इंग्रजांशी वैर असल्यामुळे समुद्रातून येणारी उसाची साखर बंद झाली. तिकडच्या थंडीत ऊस येत नाही. मग नेपोलियननं १८११ साली शेतकऱ्यांना बीट लावायला लावलं आणि बिटाची साखर काढणारे कारखाने उभे राहिले. आपल्याकडची कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, म्हणून मला ही गोष्ट लक्षात राहिली.

सर्वांत वाईट म्हणजे सैन्याची भरती. वीस वर्षांच्या पोरांची यादी करून चिठ्ठ्या काढत. श्रीमंत माणूस पैसे देऊन आपल्या बदली दुसऱ्याला पाठवी. गरिबाला जावंच लागे. कोणी पळून रानात लपला तर त्याच्या आईबापाच्या घरी शिपाई आणून ठेवत आणि त्यांना खाऊ घालायचं तेही घरच्यांनीच. १८१२ साली सुमारे सहा लाख सैन्य रशियावर गेलं. थंडी, भूक, रोग आणि लढाया यांत बहुतेक मेले. माझे काका मिल्ट्रीत आहेत. ते आपल्या मर्जीनं गेले, तरी फोन आला नाही की आज्जीच्या घशाखाली घास उतरत नाही. मी रशियाचं वाचत होतो तेव्हा आज्जीनं मला पुस्तक मिटायला लावलं.

आता जालन्याची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात असई गाव आहे. तिथं केळना आणि जुई नद्यांच्या मधे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. शिंद्यांच्या पलटणींना फ्रेंच साहेबांनी कवायत शिकवली होती. दोन्हीकडची हजारो माणसं पडली. इंग्रजांचा सेनापती ऑर्थर वेलस्ली जिंकला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि त्यानंच १८ जून १८१५ रोजी वॉटर्लू येथे नेपोलियनला हरवलं. प्रशियाचं सैन्यही त्याच्या मदतीला आलं होतं. म्हणजे नेपोलियनला हरवणारा माणूस त्याआधी आपल्या जिल्ह्यात लढून गेला होता.

नंतर इंग्रजांनी नेपोलियनला सेंट हेलेना बेटावर कैदेत ठेवलं. तिथंच तो ५ मे १८२१ रोजी वारला. तेव्हा तो ५१ वर्षांचा होता.

काका पोळ्याला सुट्टीवर येणार आहेत. तेव्हा ते मला असईला नेऊन दोन्ही नद्या दाखवणार आहेत. आज्जीपण येते म्हणाली.

— इयत्ता चौथी