रॉबर्ट हॉली

पाव फुगविण्यासाठी लागणारे यीस्ट कोणाला ठाऊक नाही? या क्षुद्र जीवाच्या पेशीत निसर्गाने लिहून ठेवलेला एक लहानसा मजकूर वाचण्यासाठी एका शास्त्रज्ञाने आपल्या उमेदीची वर्षे वेचली. ते शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट विल्यम हॉली.

हॉली यांचा जन्म २८ जानेवारी १९२२ रोजी अमेरिकेतील अर्बाना येथे झाला. आईवडील दोघेही शिक्षक होते. १९४२ साली रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते कॉर्नेल विद्यापीठात गेले. महायुद्धाच्या काळात पेनिसिलीनच्या पहिल्या रासायनिक संश्लेषणाच्या कामातही त्यांचा हातभार लागला. १९४७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

पेशीत प्रथिने बनतात ती ॲमिनो आम्ले ओळीने जोडून. प्रत्येक आम्लाला योग्य जागी पोहोचविणारा हमाल म्हणजे वाहक आर.एन.ए. ॲलनिन या आम्लाच्या वाहकाची रचना शोधण्याचे हॉली यांनी ठरविले. सुमारे १४० किलो यीस्टमधून शुद्ध द्रव्य हाती आले ते अवघे एक ग्रॅम! मग विकरांच्या साहाय्याने त्या रेणूचे लहानमोठे तुकडे करून ते पुन्हा जुळविण्याचे काम सुरू झाले.

अडचण अशी की, या लिपीत मुख्य अक्षरे चारच. त्यामुळे बरेच तुकडे एकसारखे दिसत. येथे मदतीला आली ती काही विचित्र अक्षरे. नेहमीच्या अक्षरांत थोडा रासायनिक फेरफार होऊन ती बनलेली असतात. फाटलेल्या पत्रावरील शाईचा डाग जसा त्या तुकड्याची जागा दाखवितो, तशी त्यांनी तुकड्यांची ओळख पटविली. १९६५ साली हॉली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ अक्षरांचा संपूर्ण क्रम प्रसिद्ध केला. कोणत्याही न्यूक्लिक आम्लाचा असा पूर्ण क्रम जगात प्रथमच उलगडला होता. १९६८ साली मार्शल निरेनबर्ग आणि पंजाबात जन्मलेले हरगोविंद खुराना यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही वेगळी अक्षरे निसर्गाची चूक नव्हे, हे पुढील संशोधनाने दाखविले. वाहक रेणू तयार झाल्यावर निरनिराळी विकरे त्यांवर अशा खुणा करतात. त्यांतील काही विकरांच्या अंगी लोह व गंधक यांच्या अणूंचे लहान पुंजके असतात. ई. कोलाय या जंतूतील मायाबी नावाचे विकर असेच आहे. त्यातील प्रत्येक पुंजक्यात चार लोहाचे व चार गंधकाचे अणू असतात. हे विकर काही वाहकांच्या सदतिसाव्या अक्षराला गंधकयुक्त गट जोडते. ही जागा संदेश वाचणाऱ्या तीन अक्षरांच्या अगदी शेजारची. त्यामुळे वाहकाची पकड घट्ट होते आणि वाचन अचूक होण्यास मदत होते. प्राणवायूने मात्र हे पुंजके सहज बिघडतात.

उत्तरायुष्यात हॉली कॅलिफोर्नियातील सॉल्क संस्थेत पेशींच्या वाढीचा अभ्यास करीत. फावल्या वेळात ते कांस्यमूर्तीही घडवीत. ११ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या उदाहरणात काही वेगळे, न जुळणारे दिसले तर ते खोडून पुढे जाण्याची घाई करू नका. हॉली यांना वाट सापडली ती त्या वेगळ्या अक्षरांमुळेच.