होरेस मॅन आणि गांवची शाळा

अमेरिकन मराठी मिशन ज्या मंडळानें स्थापिलें, त्याची कचेरी बोस्टन शहरांत होती, हें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. बोस्टन ही मॅसॅच्युसेट्स संस्थानची राजधानी. त्याच संस्थानांत फ्रँकलिन नांवाचें गांव आहे. सुप्रसिद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांचें नांव गांवानें धारण केलें, तेव्हां प्रार्थनामंदिरास त्यांनीं एक घंटा द्यावी अशी ग्रामस्थांची इच्छा होती. त्या चतुर गृहस्थानें घंटेऐवजीं पुस्तकें पाठविलीं! पुढें १७९० सालीं गांवसभेनें मतें घेऊन असें ठरविलें कीं, हीं पुस्तकें गांवकऱ्यांस विनामूल्य वाचावयास द्यावींत. या ठरावाचा लाभ होरेस मॅन नांवाच्या एका गरीब शेतकऱ्याच्या मुलास मिळाला.

त्याचा जन्म ४ मे १७९६ रोजीं झाला. तेराव्या वर्षीं पितृछत्र हरपलें. शाळा वर्षांतून कांहीं आठवडेच घडे. बाकीचा काळ शेतांत जाई. तरी १८१९ सालीं तो ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर झाला, नंतर वकील व पुढें संस्थानच्या सीनेटचा अध्यक्ष झाला. १८३७ सालीं हा मानमरातब सोडून त्यानें नव्या शिक्षणमंडळाचें चिटणीसपद पत्करलें.

या पदास अधिकार म्हणावा तर जवळजवळ नव्हताच. शाळेसाठीं किती कर बसवावयाचा, हें प्रत्येक गांवचे मतदार आपल्या सभेंत ठरवीत. (स्त्रियांस त्या काळीं मत नव्हतें, मुलांच्या अडचणी मातांस अधिक ठाऊक, मत मात्र पित्यांचें!) या सभेस हुकूम करणें चिटणिसाच्या हातीं नव्हतें. मग त्यानें एक युक्ति योजिली. कोणत्या गांवानें दर मुलामागें किती रक्कम मंजूर केली, याचे क्रमवार तक्ते तो छापूं लागला. शेजारच्या गांवाखालीं आपलें नांव पाहणें कोणास आवडेल?

तो गांवोगांव हिंडला. मोडक्या, कोंदट शाळा व पाठ टेकावयास आधार नसलेलीं बांकें यांचें वर्णन त्यानें अहवालांत केलें. पिट्सफील्ड येथें शिक्षकांच्या मेळाव्याची खोली झाडलेली नव्हती, तेव्हां त्यानें व गव्हर्नर ब्रिग्ज यांनीं स्वतः हातीं केरसुणी घेतली.

खरी अडचण निराळीच होती. ज्यांस मूल नाहीं, किंवा ज्यांचीं मुलें खासगी शाळेंत जात, ते विचारीत कीं, परक्याच्या मुलासाठीं आम्हीं कर कां द्यावा? आमच्या मतें हा प्रश्न अगदींच अन्यायाचा नव्हता, व मॅननेंही तो हंसण्यावारी नेला नाहीं. १८४६ सालच्या आपल्या दहाव्या अहवालांत त्यानें त्याचें उत्तर दिलें. जमीन, पाणी, रस्ते, विद्या हें कोणा एकाचें अर्जित नव्हे. मागील पिढ्यांनीं तें राखून दिलें आहे. म्हणून धनवान हा केवळ विश्वस्त होय, आणि पुढील पिढीचा शिक्षणाचा हक्क त्या धनावर आधींच बसलेला आहे, असें त्यानें प्रतिपादिलें.

विरोधक स्वस्थ नव्हते. १८४० सालीं तें मंडळच मोडण्याचा ठराव विधिमंडळांत आला, पण तो फेटाळला गेला. १८४४ सालीं बोस्टनचे ३१ शाळामास्तर त्याच्यावर तुटून पडले; मॅनला छडीचा तिटकारा होता, हें त्याचें एक कारण. (आमचे विद्यार्थी कोणाचा पक्ष घेतील, हें सांगणें नको.)

बारा वर्षांनीं त्यानें तें पद सोडलें, तेव्हां शाळांसाठीं मंजूर होणारी रक्कम दुपटीहून अधिक झाली होती आणि शिक्षकांचे पगारही वाढले होते. १८३९ सालीं लेक्झिंग्टन येथें शिक्षक तयार करणारी पहिली सरकारी शाळा निघाली, तीही त्याच्याच खटपटीनें. पुढें त्यानें काँग्रेसमध्यें गुलामगिरीविरुद्ध आवाज उठविला. १८५३ पासून ओहायोंतील अँटिऑक कॉलेजचा तो अध्यक्ष होता. तेथेंच २ ऑगस्ट १८५९ रोजीं त्याचें निधन झालें. मॅसॅच्युसेट्समधील अनेक लहान गांवांत शाळेचा खर्च आजही गांवसभेच्या मतानेंच मंजूर होतो.