आहारदान आणि ज्ञानदान यांचा संगम : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. यांपैकी आहारदान आणि शास्त्रदान म्हणजेच ज्ञानदान, ही दोन दाने ज्यांनी आपल्या आयुष्यात एकमेकांपासून कधी वेगळी होऊ दिली नाहीत, त्यांत पद्मभूषण कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव अग्रभागी आहे. खेड्यातील गरिबाच्या मुलाला केवळ फी माफ करून शाळा मिळत नाही, त्याच्या भाकरीची सोय झाली तरच तो शाळेत टिकतो, हे त्यांनी फार लवकर ओळखले. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्यांच्या जीवनाची ही बाजू आपण समजून घेणे उचित ठरेल.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे एका दिगंबर जैन शेतकरी कुटुंबात झाला. पाटील घराणे मूळचे ऐतवडे बुद्रुकचे. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते, मातोश्री गंगाबाई धर्मपरायण होत्या. माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले आणि जैन वसतिगृहात राहू लागले. याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. पुढे राजर्षी छत्रपती शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला. सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढणाऱ्या या राजाचा आदर्श त्यांच्या मनावर कायमचा कोरला गेला. ज्या मुलाला पंगतीच्या प्रश्नावरून निवारा सोडावा लागला, त्यानेच पुढे हजारो मुलांची एकच पंगत बसवली, हा त्यांच्या चरित्राचा अर्थ आहे.

भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पलीकडे गेले नाही. साताऱ्यात शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालवला. नंतर ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांचा नांगर कारखाना यांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांनी नांगर विकले, त्याचबरोबर रयतेचे घरही आतून पाहिले. मुलगा हुशार असूनही तो गुरे का राखतो, याचे उत्तर त्यांना चुलीपाशी मिळाले. शाळा मोठ्या गावी होती. तेथे राहायचे तर खानावळीचा खर्च आला, आणि तो कोरडवाहू शेतकऱ्याला झेपणारा नव्हता.

या प्रश्नावर त्यांनी शोधलेला मार्ग साधा होता. 1910 च्या सुमारास दूधगाव येथे सहकाऱ्यांसह त्यांनी विद्यार्थी आश्रमाचे काम केले. तेव्हा घरोघरच्या मूठ-मूठ धान्यावर मुलांच्या जेवणाचा भार सोपवला गेला. दळायला बसण्यापूर्वी गृहिणीने एक मूठ बाजूला काढायची आणि ती गोळा करून आश्रमाची चूल पेटवायची, अशी ही मुष्टिफंडाची पद्धत. एका घराला जी मूठ जाणवत नाही, तीच शंभर घरांतून आली की मुलांचे पोट भरते, हा तिचा हिशेब.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव देण्यात आले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीत बसून जेवत. त्या काळात ही गोष्ट किती अवघड होती, याची आज कल्पना करणे कठीण आहे.

या चुलीमागे उभ्या होत्या भाऊरावांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई. त्या सोवळ्याओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या होत्या. सर्व जातींची मुले स्वयंपाकघरात वावरणे त्यांना सुरुवातीस जड गेले. परंतु मुलांची आई झाल्यावर ते बंधन आपोआप गळून पडले. आजारी मुलाची शुश्रूषा करणे, कोण उपाशी राहिले ते पाहणे, हे त्यांचे नित्यकर्म झाले. वसतिगृहासाठी त्यांचे दागिने एकामागून एक गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतील धान्य संपले. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र देऊन मुलांच्या जेवणाची व्यवस्था केली. सौभाग्याचे लेणे उतरवताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे प्रत्येक भगिनीने स्वतःशी विचारावे. 1930 मध्ये, संस्थेचा विस्तार पाहण्यापूर्वीच, त्या निवर्तल्या. रयतच्या वैभवाचा पाया या माउलीच्या त्यागावर रचलेला आहे.

तरीही भाऊरावांनी आपल्या वसतिगृहाला अन्नछत्राचे रूप येऊ दिले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्याच्या घरी धान्य असेल त्याने धान्य आणावे, ज्याच्याकडे काहीच नसेल त्याने श्रम द्यावेत, असा शिरस्ता होता. मुलांनी खडकाळ माळ फोडून शेती केली, भाजीपाला पिकवला, बांधकामावर घाम गाळला. कमवा आणि शिका या नावाने ही योजना पुढे सर्वत्र प्रसिद्ध झाली. जेवण गरिबाला परवडणारे हवे, पण ते घेताना त्याची मान खाली जाता कामा नये, हा त्यामागचा विचार. सधन घरचा मुलगा आणि निर्धन घरचा मुलगा यांच्या ताटात आणि कामात फरक नसे. म्हणून कोण फुकट जेवतो, हे पंगतीत ओळखू येत नसे.

1932 मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. 1940 मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 1948 मध्ये शासनाशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान बंद झाले, तेव्हा मुलांच्या अन्नाचाच प्रश्न उभा राहिला. लोकांच्या मदतीवर भाऊरावांनी ते दिवस काढले. संत गाडगे महाराजांनी या कामी संस्थेसाठी रदबदली केली आणि पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. गाडगेबाबा आपल्या वऱ्हाडचे, अमरावती जिल्ह्यातले. कराडच्या महाविद्यालयाला 1954 मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. 1959 मध्ये पुणे विद्यापीठाने भाऊरावांना सन्माननीय डी.लिट. दिली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. 9 मे 1959 रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

त्यानंतर बऱ्याच काळाने शासनाने शाळेतील जेवणाची जबाबदारी देशव्यापी स्वरूपात उचलली. 15 ऑगस्ट 1995 रोजी राष्ट्रीय योजना सुरू झाली. आरंभी महाराष्ट्रात मुलांना घरी नेण्यासाठी तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2001 मधील आदेशानंतर शिजवलेले अन्न देण्याची पद्धत रुजली. पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे 150 ग्रॅम धान्य, असे त्याचे प्रमाण आहे. शालेय पोषण आहाराची ही खिचडी आज मोताळा तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांतही शिजते. कापूस वेचणीच्या दिवसांत ज्या घरची माउली भल्या सकाळी शेतावर जाते, त्या घराला या ताटाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु शासनाची योजना आठवीपाशी थांबते. पुढील शिक्षणासाठी बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींच्या जेवणाचा प्रश्न भाऊरावांच्या काळी होता तसाच आजही अनेक घरांत उभा आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या खानावळीचा भार समाजाने उचलला, तर कित्येकांची शिक्षणे अर्ध्यावर सुटणार नाहीत. मात्र देताना घेणाऱ्याची मान ताठ राहील, ही काळजी घेतली पाहिजे. भाऊराव आणि लक्ष्मीबाई यांच्या चुलीने दिलेली ही शिकवण आपण आचरणात आणावी, हीच त्यांना खरी आदरांजली होय.