आपल्या चालीतला नाताळ : रेव्हरंड ना. वा. टिळक

आजचं वाचन : लूक २:८–२०



आजच्या वाचनातली एक गोष्ट घाईत वाचताना निसटून जाते. येशूच्या जन्माची बातमी आधी यरुशलेमच्या मंदिरात गेली नाही, हेरोदाच्या वाड्यावरही गेली नाही. ती गेली रानात, रात्री मेंढरं राखत बसलेल्या माणसांकडे. आणि नुसती बातमी नाही, तिच्यामागे देवदूतांचा स्तुतीचा गजरही होता. आपल्या बारामती-इंदापूर भागात हे चित्र कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मोकळ्या रानात बसवलेली मेंढरं, शेजारी धनगरांचा वाडा, थंडीत जागणारा राखणदार आणि त्याचं कुत्रं. अशाच माणसांनी पहिला नाताळ ऐकला. ते जे ऐकून, पाहून परत फिरले, ते स्वतःही देवाची स्तुती करतच.

कॅरलची गोष्ट पुढेही अशीच चालत आली. कॅरल हा शब्द मुळात फेर धरून नाचताना म्हणायच्या गाण्याचा. चर्चमध्ये उपासना लॅटिनमध्ये चालायची, ती साध्या माणसाला कळायची नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने खरा बैल, खरं गाढव आणि गवताची गव्हाण मांडून नाताळ साजरा केला. त्याच्या मागच्या साधूंनी लोकांच्या बोलीत गाणी गावोगाव नेली. आज जगभर म्हटलं जाणारं ‘सायलेंट नाईट’ १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ या लहान गावात पहिल्यांदा गायलं गेलं, जर्मन भाषेत आणि गिटारच्या साथीवर. म्हणजे ज्याला आपण ‘इंग्लिश कॅरल’ म्हणतो, तेही कुणाच्या तरी गावातलं, घरातल्या भाषेतलंच गाणं होतं.

मराठीत हे काम ज्यांनी जीव ओतून केलं, ते नारायण वामन टिळक. त्यांचा जन्म याच महिन्यातला. ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्पावन ब्राह्मण घर. आईला कवितेची आवड, वडील तापट. आई लवकर गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. १८८० मध्ये लग्न झालं. पत्नी म्हणजे आपल्या ‘स्मृतिचित्रे’वाल्या लक्ष्मीबाई. टिळक एका जागी टिकणारे नव्हते. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी संपादक. नागपूरला आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचं कामही केलं.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाशी धर्मावर बोलणं निघालं. उतरताना त्याने नवा करार हातात दिला. टिळक वाचत गेले, आणि मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. तिथून पुढे ते सुटले नाहीत. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

इथे थांबून खरं काय ते बोलायला हवं. साक्षीच्या गोष्टींत आपण हा भाग भरभर उरकतो. टिळकांची नोकरी गेली, जात गेली, नातेवाईक तुटले. पण सगळ्यात जास्त सोसलं लक्ष्मीबाईंनी. एवढा मोठा निर्णय त्यांना विश्वासात न घेता झाला होता. कडेवर लहानगा दत्तू आणि नवरा जिवंत असून नसल्यासारखा. अशी जवळजवळ पाच वर्षं गेली, त्यातले काही दिवस पंढरपुरात. पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपला सोवळ्याचा स्वयंपाक, आपलं पाणी वेगळं ठेवून. विचार करत करत, स्वतःच्या मनाने त्या ख्रिस्ताकडे आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांच्या गाण्यांत जो ओलावा आहे, त्याच्या मागे हे घर आहे.

टिळकांनी इतकं सोडलं, पण चाल सोडली नाही. तेव्हा मंडळ्यांमध्ये इंग्रजी गीतांची भाषांतरं इंग्रजी चालींवर गायली जात. शब्द मराठी, श्वास परका. आपल्यातल्या आयटीवाल्यांना हे लगेच कळेल. एखादं ॲप मराठीत आणताना नुसते शब्द बदलले, की वाचता येतं, पण आपलं वाटत नाही. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी त्या वाटेवर अभंग आणला, ओवी आणली, भजन आणलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते मानत. त्याच तुकोबांची पालखी दर आषाढात आपल्या बारामतीतून, इंदापुरातून जाते. तो टाळाचा ठेका आपल्या कानात लहानपणापासून आहे. टिळक जणू म्हणाले, मग प्रभूची स्तुती करायला दुसरा ठेका शोधायचा कशाला?

१९१२ पासून शेवटपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचं संपादन केलं. ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ लिहायला घेतलं. ते अपुरं राहिलं, तेव्हा पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. जिला एकेकाळी न विचारता मागे ठेवलं होतं, तिनेच त्यांचं सगळ्यात मोठं गाणं पुढे नेलं! १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, संन्यस्त झाले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताचे सगळेच भक्त एकत्र बसावेत, ही त्यांची तळमळ होती. ९ मे १९१९ ला मुंबईत ते प्रभूकडे गेले. त्यांची कितीतरी गीतं आजही ‘उपासना संगीत’मध्ये आहेत. आजीला ती पुस्तक न उघडता येतात.

कॅरल का टिकतं, याचं उत्तर मला टिळकांच्या आयुष्यात दिसतं. शब्द देह झाला, हाच तर नाताळ आहे. देव लांबून बोलला नाही. तो एका गावात, एका भाषेत, एका आईच्या कुशीत आला. कॅरलही तेच करतं. सुवार्ता मोठी असते, पण ती कुणाच्या तरी ओळखीच्या चालीत उतरते, म्हणून पाठ होते, म्हणून दुःखातही ओठांवर येते.

इंग्रजी कॅरल म्हणू नका असं मी अजिबात म्हणत नाही. आमचा युवक संघ गिटार घेऊनच निघतो, आणि मजा येते. पण या वर्षी कॅरल राउंडला निघाल, तेव्हा एक तरी मराठी गीत सोबत घ्या, ढोलकी-टाळांवरचं. ज्या घरी म्हातारं माणूस एकटं आहे, तिथे ते म्हणा आणि त्यांना तुमच्याबरोबर गाऊ द्या. आणि टिळकांच्या घरातून अजून एक गोष्ट घ्या : आपल्या भक्तीची किंमत घरातलं दुसरंच कुणी भरत नाही ना, हे आज शांतपणे तपासा.

प्रार्थना : हे प्रभू, तू रानातल्या राखणदारांना गाणं दिलंस. आमच्याही मुखी आमच्या भाषेतलं गाणं दे. ते गाताना घरातलं कुणी मागे राहू देऊ नकोस. आमेन.